‘नवा घेऊ नका’ म्हणणारा माणूस

दुकानाचं काचेचं दार तिनं कोपरानं ढकललं, गुडघ्यानं ढकललं, तरी ते ढिम्म हललं नाही. दोन्ही हात गुंतलेले. दुलईत गुंडाळलेला ॲम्प्लिफायर छातीशी धरलेला, वरून भुरभुर पाऊस, आणि चष्म्यावर थेंब जमून समोरचं सगळं जग विरघळलेलं…

“बाळ झोपलंय वाटतं?” मागून कुणीतरी विचारलं.

तिनं वळून पाहिलं. एक उंच, सावळा तरुण छत्री मिटत उभा होता. हसू ओठांवर नव्हतं, पण डोळ्यांत काठोकाठ भरलेलं.

“बाळ नाहीये. ॲम्प्लिफायर आहे.”

“तरीच! इतक्या मायेनं बाळाला कोण गुंडाळतं?” त्यानं दार उघडून धरलं आणि हात पुढे केले. “द्या इकडे. जड असेल.”

“माझं मी नेईन,” ती तुटकपणे म्हणाली आणि आत शिरली.

फुकटच्या मदतीवर तिचा विश्वास नव्हता. ती दातांची डॉक्टर. दिवसभर खुर्चीत आडवी होणारी माणसं ‘रोज दोनदा घासतो हो’ असं छातीठोकपणे सांगायची, आणि त्यांचेच दात त्यांना खोटं पाडायचे. त्यात एकदा लग्नाची बोलणी अगदी ठरण्यापर्यंत आली असताना कळलं होतं, की मुलाकडच्यांनी आणखी एका घरी तशीच बोलणी चालवली आहेत. तेव्हापासून तर ती सावलीलाही आडनाव विचारूनच पुढे जाऊ द्यायची. घरी मावशी तिला ‘फौजदार’ म्हणायची ते उगाच नाही.

छत्रीवाला तरुण त्याच दुकानात कामाला असल्याचं निघालं. तिथले लोक त्याला कानसेन म्हणत. गाणारे पुष्कळ असतात, ऐकणारा हा एकच, अशी त्याची ख्याती.

“हा परत घ्या आणि नवा द्या,” तिनं सांगून टाकलं. “तुमची अदलाबदलीची योजना आहे ना?”

हा ॲम्प्लिफायर तिचा जीव की प्राण होता. फोनवरून हुकूम सोडला की वायफायवरून गाणं आपणच हुडकून आणणारा आणि स्पीकरमधून घर भरून टाकणारा. ड्रिलच्या किरकिरीनं किटलेले कान संध्याकाळी त्याच्यासमोर धुऊन निघायचे. पण अलीकडे आवाज कसा कोंदट, गुदमरल्यासारखा यायचा. नवं मॉडेल बाजारात आलं होतं आणि तिचा जीव त्यात अडकला होता.

कानसेननं तो आतल्या ऐकायच्या खोलीत नेला, जोडला आणि डोळे मिटून घेतले. गाणं सुरू झालं. ती गाणं सोडून त्याच्या पापण्यांकडेच बघत राहिली… आणि मग स्वतःवरच चिडली.

त्यानं डोळे उघडले. “नका घेऊ.”

“काय?”

“नवा. घेऊ नका. ह्याला धाड भरलेली नाही. बिघाड तुमच्या खोलीत असणार. एकदा बघायला येऊ?”

विकणाराच म्हणतोय घेऊ नका! म्हणजे पाणी कुठेतरी नक्की मुरतंय. ती दुलईसकट ॲम्प्लिफायर घेऊन घरी परतली.

“अगं, एखादा माणूस खरंही बोलत असेल,” मावशी म्हणाली. मावशी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. जन्मभर लोकांच्या लाइनी जोडल्या, घरातल्या ह्या एकीचीच तेवढी लागेना, ही तिची कायमची खंत.

“सगळी माणसं खरं बोलत असती ना मावशी, तर माझा दवाखाना कधीच बंद पडला असता.”

तरी तिनं त्याला बोलावलं. कसला डाव आहे, कळू तरी दे.

तो आला तो खोलीच्या मधोमध उभा राहून टाळ्या वाजवू लागला.

“कुणाचा सत्कार आहे?” तिनं विचारलं.

“खोली काय उत्तर देते ते ऐकतोय.” मग त्यानं कोपऱ्यात कोंबलेले स्पीकर पुढे ओढले, समोरच्या काचेच्या कपाटावर जाड पडदा सोडला, बेडरूममधला गालिचा मधे अंथरला. “आता लावा.”

गाणं सुरू झालं आणि ती जागच्या जागी थबकली. गाणारी बाई जणू समोर येऊन बसली होती. ओळीआधी तिनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता… तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं घाईघाईनं बाह्या खाली ओढल्या.

“बरं वाटतंय,” ती म्हणाली.

“डॉक्टर, काटा बाहीखाली लपतो. डोळे कुठे लपवणार?”

“तुम्ही सगळ्याच गिऱ्हाइकांशी असं बोलता?”

“नाही. बाकीच्यांना मी नवा विकतो.”

तिनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

त्यानंतर तो येत राहिला. कधी वायर बदलायला, कधी ॲम्प्लिफायरमधलं सॉफ्टवेअर नवं करायला, कधी ‘स्पीकर अजून बोटभर हलवून बघू’ म्हणून. कॉफीचा कप हातात देताना बोटं लागायची आणि दोघंही एकदम वायफायबद्दल बोलू लागायची. तो गेल्यावर खोली मोठी वाटायची. पण मनातला फौजदार काही रजेवर जात नव्हता. हा इतका का येतो? ह्याला मिळतं काय? आणि एकदा ती पाणी आणायला वळली, तर स्वयंपाकघराच्या दारात तो आणि मावशी डोक्याला डोकं लावून कुजबुजत होते. तिला पाहताच दोघांचीही दातखीळ बसली.

“काय चाललंय?”

“कुठे काय?” मावशी म्हणाली. “साखर किती घालायची, विचारत होते.”

तो बिनसाखरेची कॉफी प्यायचा.

मग ते घडलं. एका संध्याकाळी ती नुकतीच दवाखान्यातून आली होती. मावशी तिच्या खोलीत पडलेली. तिनं फोनला हातही लावला नव्हता, आणि ॲम्प्लिफायरचा दिवा आपोआप लागला. गाणं सुरू झालं. जुनं, आर्जवी, ‘ये ना’ म्हणणारं… क्षणभर तिच्या मनात गुदगुल्या झाल्या. दुसऱ्याच क्षणी अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे बाहेर बसून हा माझ्या घरात हात घालतो! वायफायचा पासवर्ड त्याच्याकडे आहे, जोडणी त्यानंच केली. उद्या आणखी काय काय ऐकेल!

“मावशी, तू लावलंस?”

“मला मेलीला काय कळतंय त्यातलं?” आतून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी ती तडक दुकानात गेली आणि मालकांसमोर, गिऱ्हाइकांसमोर सगळं बोलली. कानसेनचा चेहरा उतरला.

“मी वाजवलं नाही,” तो शांतपणे म्हणाला.

“मग कुणी?”

तो काहीतरी सांगायला गेला… आणि थांबला. “ते मला सांगता येणार नाही.”

“बघा!” ती मालकांकडे वळली. “चोराच्या मनात चांदणं!”

मालकांनी त्याला तिथल्या तिथे घरोघर जाण्याच्या कामावरून काढलं आणि मागच्या गोदामात बसवलं. जाताना त्यानं तिच्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिनं घरी येऊन पासवर्ड बदलला. मावशीच्या फोनवर नवा घालून दिला, आणि आता झोप लागेल असं वाटलं. ती काही लागली नाही.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यातली पाण्याची लाइन फुटली आणि भर दुपारी तिला घरी यावं लागलं. दार उघडताच तेच गाणं कानावर आलं. तिच्या खुर्चीत मावशी बसली होती, डोळे मिटून, मांडीवर फोन, आणि बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरत होती.

“मावशी!”

मावशी दचकली. फोन खाली पडला. पकडलेल्या पोरीसारखी ती उठून उभी राहिली आणि आधी खुर्चीवरची सुरकुती हातानं नीट केली.

“त्याचा दोष नाही गं,” ती म्हणाली. “मीच त्याच्या मागे लागले, माझ्या फोनवरूनही गाणं लावता येईल असं करून दे म्हणून. तू नसताना ऐकते. त्या दिवशी अंथरुणात पडल्या पडल्या चुकून बोट लागलं. त्याला मी शपथच घातली होती, तुला सांगायचं नाही.”

“पण लपवायचं कशाला?”

मावशीनं वाकून फोन उचलला. “मागे एकदा आवाज मोठा झाला होता माझ्याकडून. तू म्हणालीस, ‘ह्याला परत हात लावू नकोस.’ तू विसरलीस. मी नाही विसरले.”

ती मटकन गालिच्यावर बसली. सगळ्या जगाच्या खोटेपणावर पहारा ठेवणारी ती, आणि तिच्याच घरात तिच्या मावशीला चोरून गाणं ऐकावं लागत होतं. तिनं मावशीच्या कुशीत तोंड खुपसलं आणि पोटभर रडून घेतलं.

त्याच संध्याकाळी ती दुकानात गेली. जितक्या मोठ्यानं आरोप केला होता, तितक्याच मोठ्यानं सगळ्यांसमोर म्हणाली, “चूक माझी होती. ह्यांनी काही केलेलं नाही.” मग गोदामात गेली. तो खोक्यांवर चिकटपट्टी लावत होता.

“मावशीनं सांगितलं सगळं,” ती म्हणाली. “तुम्ही एका शब्दानं सुटला असतात.”

“त्यांना शब्द दिला होता.”

“माफ कराल?”

“केलं,” तो म्हणाला. पट्टीचं टोक मात्र त्याला सापडेना.

“आता एक विचारते. खरं सांगायचं. नवा घेऊ नका, असं का म्हणालात?”

तो ओशाळला. “पहिल्या दिवशी म्हणालो, कारण तुम्हाला खरंच गरज नव्हती.”

“आणि नंतर?”

“नंतर… मला गरज होती. नवा घेतलात तर माझं तुमच्याकडे यायचं काही कारणच उरलं नसतं. वायर बदलायची होती म्हणून नाही हो आलो त्या दिवशी. जुनी चांगली होती.”

म्हणजे पाणी मुरत होतंच! तिला हसू आलं, पण ते तिनं ओठांतच दाबलं. ती बाहेर गेली आणि मालकांना म्हणाली, “तो नवा ॲम्प्लिफायर द्या. जोडायला ह्यांनाच पाठवा.”

गोदामाच्या दारात उभ्या कानसेनचा चेहरा पांढराफटक पडला.

रविवारी सकाळी तो नवं खोकं घेऊन आला. कामापुरतं बोलला. जुना ॲम्प्लिफायर त्यानं दोन छोटे स्पीकर जोडून मावशीच्या खोलीत बसवून दिला. मावशीनं दार लावून घेतलं आणि आतून आवाज एकदम मोठा केला. त्या गोंगाटात तो बाहेर नवा जोडत राहिला, मान खाली घालून. शेवटी हत्यारं पिशवीत भरली.

“झालं. आता काही अडचण येणार नाही.”

“नक्की?”

“नक्की. वर्षानुवर्षं नाही.”

“वायर?”

“चांगली आहे.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “म्हणजे इथून पुढे तुम्ही आलात, तर ते माझ्यासाठीच आलात हे मला कळेल. शंकेला जागा नको.”

त्यानं हातातली पिशवी हळूच खाली ठेवली.

“उद्या येऊ?” त्यानं विचारलं.

“आज जाऊच नका.”

खुर्ची भिंतीकडे सारून तिनं सोफा ओढला आणि गाणं लावलं. तो सोफ्याच्या कडेला अवघडून बसला. “तुम्ही मधे बसा,” तो म्हणाला. “आवाज बरोबर जुळतो तो अगदी मधोमध. तिथे एकालाच बसता येतं.”

“मग थोडा बिघडू दे,” ती म्हणाली, आणि सरकून त्याच्याशेजारी बसली.