चार ते साडेचार

कुलपात किल्ली घातली मात्र, समोरच्या दारामागून कुत्रा असा काही भुंकला की माझ्या हातातला किल्ल्यांचा जुडगाच पडला. माझ्यामागे उभ्या असलेल्या नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं आणि फ्लॅट न बघताच दोघं जिना उतरायला लागली. अर्धा जिना मी त्यांच्यामागे धावले, अहो, ऐका तरी म्हणाले… पण कसलं काय! तणतणत वर आले आणि त्या समोरच्या दारावर थाप मारली.

दार उघडलं. उंच, सडसडीत, डोळे झोपेने जड आणि डाव्या भुवईवर पांढरं पीठ. मागे तपकिरी रंगाचा, एक कान पडलेला कुत्रा — आता एकदम गप्प. मी काय काय बोलायचं ठरवून आले होते, त्यातलं अर्धं त्या भुवईकडे बघता बघता विसरले.

"तुमच्या कुत्र्याने माझं गिऱ्हाईक पळवलं," एवढंच म्हणाले.

त्याने वळून कुत्र्याला विचारलं, "साहेब, बाई काय म्हणतायत?" मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहेबांना जिन्यात अनोळखी पाऊल चालत नाही. तुम्ही अनोळखी राहू नका, म्हणजे झालं."

आता सांगा, अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

तो बेकरीत कामाला होता. पहाटे जायचा, दुपारी परत यायचा. त्याची खोली भाड्याची, आणि त्याच्या समोरचा हा रिकामा फ्लॅट चौदा महिने विकला जात नव्हता. घरं दाखवायची एजन्सी माझ्या मामाची, आणि मामाने तो फ्लॅट माझ्या गळ्यात मारला होता. त्या पहिल्याच दिवशी बेकरीवाल्याने चहा केला आणि मला सगळं खरं खरं सांगून टाकलं. तो घरी असला की साहेब फक्त जिन्यातल्या पावलांवर भुंकतो. पण सकाळी एकटा राहिला की तो येईपर्यंत थांबून थांबून भुंकतच असतो. बघायला येणाऱ्यांना हे सांगत जा हं, असंही म्हणाला. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

मग आमचं ठरलं. गिऱ्हाईक मी चार वाजताच आणायचं, त्याआधी त्याला फोन करायचा, आणि चार ते साडेचार त्याने साहेबाला बाहेर फिरवायचं. त्याने माझा नंबर फोनमध्ये 'चार वाजता' याच नावाने ठेवला होता, हे मला बरंच नंतर कळलं.

गिऱ्हाईक गेलं की मी आभार मानायला खाली जायची. कोपऱ्यावरच्या बागेत एक बाक होता, तिथे तो बसलेला असायचा. खिशात कागदात गुंडाळलेली बिस्किटं, खालून करपलेली, विकता न येणारी. करपलेला भाग तो साहेबाला द्यायचा आणि वरचा मला. एकदा पाऊस आला तेव्हा आम्ही तिघं एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली उभे होतो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला… आणि कोणीच बाजूला सरकलं नाही. त्याच्या शर्टाला भाजलेल्या पिठाचा वास येत होता. पाऊस थांबल्यावरसुद्धा आम्ही थोडा वेळ पाऊस बघत असल्यासारखे उभे राहिलो.

लपवायचं कशाला? एके दिवशी मी गिऱ्हाईक नसतानाच फोन केला. रिकाम्या फ्लॅटमध्ये पंधरा मिनिटं एकटीच बसून राहिले आणि खाली गेले.

"आजचं गिऱ्हाईक कुठून गेलं?" त्याने विचारलं. "मी फाटकापाशीच उभा होतो."

माझे कान तापले. तो साहेबाचा पट्टा उगाचच बोटाला गुंडाळत राहिला, मग हळूच म्हणाला, "उद्यापण असंच गिऱ्हाईक आण…" आणि चूक कळल्यासारखं, "आणा."

"आण चालेल," मी म्हणाले.

त्यानंतर तो एकदा म्हणाला की हा फ्लॅट विकला गेला की मी तुझ्या मामांकडे येतो, आणि घर बघायला नाही येणार. मला त्या रात्री झोप लागली नाही. तोवर तो फ्लॅट विकला नाही तर बरं, असं वाटायचं. आता एकदम घाई झाली. कधी एकदा विकते असं झालं. आणि त्या घाईनेच माझा घात केला.

आठवड्याभरात एक नर्सबाई आल्या. चाळिशीच्या, एकट्या, मोजकं बोलणाऱ्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, मीही म्हणायला लागले. झाड दिसणारी खिडकी त्यांना आवडली, स्वयंपाकघर आवडलं. मग झोपायच्या खोलीत उभं राहून त्यांनी विचारलं, "मी रात्रपाळी करते. दिवसा झोपते. शेजारी कोण राहतं? कुत्रंबित्रं काही?"

मामाने मला धंद्यात एकच गोष्ट शिकवली होती, विचारतील तेवढंच सांगायचं. पण इथे तर विचारलं होतं. सरळ, स्वच्छ विचारलं होतं.

"तुम्हीच ऐका ना," मी म्हणाले.

आम्ही दोघी पाच मिनिटं उभ्या राहिलो. सिस्टरनी डोळे मिटले. कुठे काही नाही, फक्त पानांची सळसळ. मी खिडकीतून खाली पाहिलं. झाडाखाली तो साहेबाला घेऊन उभा होता, माझ्याकडे बघून हसला, हात केला. मीही केला. सिस्टरनी डोळे उघडून खाली एक नजर टाकली. सिस्टर म्हणाल्या, इतकी शांतता मी किती वर्षांत ऐकली नाही. सगळी पुंजी त्यांनी त्या दोन खोल्यांत घातली.

राहायला आल्यावर तीन आठवड्यांनी त्या एजन्सीत आल्या. डोळे लाल, चेहरा सुजलेला. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. कानात कापूस घालून पाहिला, स्वयंपाकघरात अंथरूण टाकून पाहिलं, सगळं करून झालं होतं. परवा वॉर्डात औषधाच्या दोन बाटल्यांत त्यांचा गोंधळ होता होता राहिला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले. तेवढं तरी खरं बोलले.

बेकरीवाल्याने काय नाही केलं! साहेबाला आतल्या खोलीत ठेवलं, तर तो दार ओरबाडून आणखी भुंकायला लागला. बेकरीत न्यायचा विषय काढला, तर मालकाने हातच जोडले. दुपारची पाळी मागितली, मिळाली नाही. शेवटी सिस्टरनी त्याच्या घरमालकाला पत्र लिहिलं, आणि घरमालकाने सांगितलं, कुत्रा तरी काढा नाहीतर खोली तरी सोडा. एक महिन्याची मुदत होती.

बाकावर तो माझी वाटच बघत होता. बिस्किटं नव्हती.

"मला वाटायचं तू सांगतेस सगळ्यांना," तो म्हणाला. "ऐकूनसुद्धा सिस्टरनी घर घेतलं, म्हणून मनातल्या मनात त्यांना किती चांगलं म्हणत होतो मी. आणि त्या मला दारात म्हणाल्या, तुम्ही खाली उभे राहून हात करत होतात."

"मी आपल्यासाठी…"

"ते कळतंय. म्हणून तर जास्त लागतंय."

मला रडायला आलं, पण रडून त्याच्याकडून काही मिळवावं असं वाटेना. मी म्हणाले, तुला घर मी शोधून देते. त्यानेही लग्नानंतरचा विचार करून थोडी शिल्लक टाकली होती. छोटंसं काही विकत घेता आलं असतं.

माझ्या टेबलावर दोन घरं होती, चिठ्ठ्यांवर लिहिलेली. एक माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. शेजारी सगळे दिवसभर कामावर, भुंकण्याची तक्रार करणार कोण? पण मागचं अंगण खाटेएवढं, आणि त्यात साहेब सकाळभर एकटा बांधलेला. दुसरं घर इथून सहा तासांवर, एका लहान गावात. पुढे बेकरी, मागे दोन खोल्या. म्हातारा बेकरीवाला आणि त्याची बायको थकली होती, सगळंच विकून मुलीकडे जाणार होती. तिथे साहेबाला एकटं राहावंच लागणार नव्हतं. ही दुसरी चिठ्ठी फक्त माझ्याकडे आली होती. मामालाही ठाऊक नव्हती. दोन दिवस ती माझ्या खणात पडून होती. तिसऱ्या दिवशी सकाळची बस पकडून मी तिथे गेले, आणि त्या घराच्या पायरीवर संध्याकाळपर्यंत नुसती ऐकत बसले.

परत आल्यावर दोन्ही चिठ्ठ्या मी त्याच्यासमोर ठेवल्या. लांबच्या घराचं सगळं सांगितलं. छप्पर एका कोपऱ्यात गळतं. भट्टीचा धूर मागच्या खोलीत येतो. डावीकडे मोकळं रान, उजवीकडे एक आजोबा, त्यांना ऐकू कमी येतं, आणि त्यांनी साहेबाचा फोटो मागून घेतला. तो नीट ऐकत होता. साहेबाने माझ्या मांडीवर डोकं टेकवलं होतं.

"आणखी काही?" त्याने विचारलं.

"आणखी… तिथे मी नाही."

इतकी वर्षं घरं दाखवली मी. गिऱ्हाईकाने नाही म्हणावं असं पहिल्यांदाच वाटत होतं, अगदी जीव तोडून वाटत होतं. निदान त्याने म्हणावं, तूही चल. मी नेसत्या कपड्यांनिशी गेले असते.

"घेतो," तो म्हणाला. लांबच्या घराची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. "मला तू अजूनही आवडतेस. खोटं कशाला सांगू? पण तू बोलत असलीस की ठीक. तू गप्प बसलीस की मला आता भीती वाटेल. रोज वाटेल. असा संसार कसा करायचा, सांग."

मी जवळच्या घराची चिठ्ठी उचलून पर्समध्ये टाकली.

पुढच्या सोमवारी मामाच्या एजन्सीत कागद झाले. म्हातारा आणि त्याची बायको सकाळच्या बसने आली होती. मामा ठरलेल्या साक्षीदाराला फोन लावत होता, तो काही उचलेना. मी म्हणाले, राहू दे, मी करते. बेकरीवाल्याने सही करून पेन माझ्याकडे दिलं. आमच्या दोघांच्या सह्या एकाच कागदावर आल्या, त्याची घर घेणाऱ्याच्या नावापुढे, आणि माझी खाली, साक्षीदाराच्या.