तळ्यात पाणी, शाळूला तहान

श्रावणात पाऊस झाला होता. तळ्यात पाणी होतं, बेडूकही खुशीत होते. तरीही ढेकळ्या म्हणाला, "दुष्काळ परत आलाय."

ढेकळ्या हा सुलभाआत्याचा यंत्रमानव. जमिनीत सळई खुपसून तो ओल मोजायचा. गोड बोलण्याची सोय त्याच्यात नव्हती.

हे ऐकून आत्याची भाची कृतिका बादली आणायला धावली. शाळू (हिवाळ्यातली ज्वारी) वाळला तर गुरांना कडबा नाही, आणि कडबा नसेल तर चंद्री कालवड मामाकडे पाठवायची, असं बाबांनी ठरवलं होतं. तिने भरदुपारी शाळूत बादलीभर पाणी ओतलं.

"छान," ढेकळ्या म्हणाला. "सूर्याला अर्घ्य दिलंस. मुळांपर्यंत काही पोचलं नाही."

"गप रे," म्हणत आत्या बांधावर बसली. ती मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारी) होती आणि चहाशिवाय विज्ञान सांगत नसे. तिने बिस्किटाचं टोक चहाला टेकवलं. "काय दिसतं?"

"चहा वर चढतोय."

"मातीतही अशा केसासारख्या बारीक वाटा असतात. त्या केशनलिका. खालची ओल त्यांतून वर चढते आणि उन्हात उडून जाते. एरवी परतीचा पाऊस जमिनीत ओल भरून जातो, त्या शिदोरीवर शाळू हिवाळा काढतो. यंदा तो पाऊस आलाच नाही."

"तळ्यातलं पाणी देऊ या ना."

"ते गावाला प्यायला. उन्हाळा काढायचाय."

"म्हणजे चंद्री जाणार."

आत्याने बिस्किट मधोमध मोडलं. "आता वरच्या तुकड्यात चहा चढेल?"

"कसा चढेल? वाटच तुटली." कृतिका थांबली. "मग मातीतल्या वाटा मोडायच्या?"

"कोळपणी करायची. कोळप्याच्या पात्याने वरची माती भुसभुशीत झाली की वाटा तुटतात, भेगाही बुजतात. ओल खाली राहते."

"पण कोळपणी तणासाठी असते. यंदा तण नाही म्हणून बाबांनी केलीच नाही."

"ओल नाही, म्हणून तण नाही," ढेकळ्या म्हणाला. "तणाला कळलं."

बाबा थोडे कुरकुरले, पण सकाळी त्यांनी कोळपं जुंपलं. मागून कृतिका उरलेल्या भेगांत माती लोटत राहिली.

काही आठवड्यांनी ढेकळ्याने सळई खुपसली. "ओल कमी होतेय."

कृतिकाचा चेहरा पडला.

"हळूहळू. शेजारच्या शेतापेक्षा बरीच हळू. कणसं बारीक राहतील. कडबा होईल."

मामा टेम्पो घेऊन आला, तेव्हा कृतिकाने त्याला चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "चंद्री येत नाहीये."

टेम्पो रिकामा गेला. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी बांधावरून विचारलं, "ते तुमचं ओल मोजायचं यंत्र जरा इकडे पाठवता का?"

कृतिका ढेकळ्याला घेऊन निघाली. काकूंकडेही एक कालवड होती.