उभ्या गाडीचं ग्रीस

या, जरा जवळ सरका. लांबून ऐकू येईल, पण पोचणार नाही, आणि ही गोष्ट पोचायला हवी. यात राजा नाही की राणी नाही. एक मिस्त्री आहे, त्याला लहानपणी गणित शिकवणाऱ्या बाई आहेत आणि बाईंची जुनी निळी गाडी आहे.

गाडीचा आजार साधा होता. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला ग्रीस उडत होतं. इंजिनाची ताकद चाकाकडे नेणारा जो दांडा असतो, त्याच्या सांध्यावर रबराचा बूट चढवलेला असतो. बूट फाटला की आतलं ग्रीस फिरत्या दांड्याबरोबर भिरकावलं जातं आणि चाकामागे काळं वर्तुळ उमटतं. मिस्त्रीने वर्तुळ बघितलं, नवा बूट चढवला, क्लिपा आवळल्या आणि बाईंना सांगितलं की आता पाच वर्षं माझं तोंड बघू नका.

दोन दिवसांत बाई परत हजर. तेच वर्तुळ.

"गणित चुकलं रे तुझं," बाई म्हणाल्या. "पुन्हा कर."

बाई हसत होत्या, पण घाई त्यांच्या डोळ्यांत होती. घाटापलीकडे त्यांची लेक बाळंत व्हायची होती, आणि पहिलंच बाळ. लेकीने मनाने लग्न केलं तेव्हा बाईंच्या यजमानांनी तिला दार बंद केलं होतं. वर्षं गेली, दोघंही हट्टाचे पक्के. शेवटी बाळाची बातमी कळल्यावर तेच विरघळले, आणि कुणाला न सांगता ही गाडी काढून लेकीकडे निघाले. पोचले नाहीत. घाटातल्या एका वळणावर गाडी सापडली, नीट कडेला घेतलेली, आणि ते स्टीअरिंगवर हात ठेवून बसलेले. छातीने दगा दिला होता. मिस्त्रीने बसने जायचं सुचवलं, तर बाईंनी मान हलवली. यांना ही गाडी तिच्या दारात उभी करायची होती, मी तीच नेणार, एवढंच त्या म्हणाल्या. पण असला सांधा घेऊन घाट चढू द्यायला मिस्त्री तयार नव्हता.

बाईंना घरी पाठवून त्याने बूट पुन्हा उघडला आणि चक्रावला. बाहेर एवढं ग्रीस उडालेलं, आणि आत मात्र त्याने भरलं होतं तेवढं जसंच्या तसं. बोटाने दाबून पाहिलं. कुठे पोकळी नाही.

गळती कुठून ते सापडत नाही तेव्हा जुने मिस्त्री एक गोष्ट करतात, तीच त्याने केली. बूट परत आवळला, सगळा भाग धुऊन पुसून कोरडा केला आणि त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरवली. गाडी चालवून आणायची, मग पावडर पहिल्यांदा जिथे काळी पडेल तिथे गळती. फेरी सकाळी मारू म्हणून त्याने गाडी तशीच ठेवली, गॅरेज बंद केलं आणि निवांत जाऊन झोपला.

सकाळी शटर वर केलं. जमिनीवर चाकाभोवती सांडलेली पावडर जशीच्या तशी होती, गाडी केसभरही हललेली नव्हती. आणि चाकामागे काळं वर्तुळ.

उभ्या गाडीतून ग्रीस ठिबकू शकतं, मंडळी. ठिबकलं तर खाली पडेल. वर्तुळात उडायला दांडा फिरावा लागतो.

त्याने बोट लावलं. ग्रीस कोमट होतं. बॉनेटवर हात ठेवला तर पत्रा गारठलेला.

मिस्त्री भाविक होता, पण भुताखेतांच्या वाटेला जाणारा नव्हता. त्याने गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले, आत सरकला आणि दांडा मुठीत धरला. चाक स्थिर, दांडा स्थिर. तरी मुठीत थरथर येत होती, भार घेऊन चढ चढणाऱ्या गाडीची असते तशी. मधेच ती ढिली पडायची. मग पुन्हा जोर धरायची.

बाई चौकशीला आल्या तेव्हाही तो तसाच पडून होता. "बाई, जरा हात लावून बघता?" एवढंच म्हणाला.

बाईंनी पदर खोचला, उकिडव्या बसल्या आणि हात आत घातला.

"वळण आलं," त्या हळूच म्हणाल्या. "वळणाला ॲक्सिलरेटरवरून पाय काढतात हे. सायकलवाले पुढे जायचे, तरी काढायचेच."

थरथर ढिली पडली. मग जोर. मग ढिली.

मग थांबली.

बाईंचा हात दांड्यावरच होता. "रोज इथवरच येत असतील," त्या म्हणाल्या.

मिस्त्रीने सगळं धुतलं, पुसलं, सवयीने वरून पावडर टाकली, गाडी खाली घेतली आणि किल्ली खिशात घातली. तुम्ही बाजूला बसा बाई, मी नेतो, म्हणाला.

घाट ऊन कलताना लागला. त्या वळणाशी बाईंनी डोळे मिटले. मिस्त्रीचा पाय आपोआप निघाला, गाडी रेंगाळली, आणि त्याने पुन्हा पाय ठेवण्याआधीच पुढे झाली. उतार नव्हता तिथे, चढ होता.

लेक फाटक उघडून उभी होती. कुणी कळवलेलं नव्हतं. जड पोटाने पायऱ्या उतरून आली होती, फाटक धरून.

"खिडकीतून बघत होते," ती आईला म्हणाली. "कोपऱ्यावर गाडी रेंगाळली ना, मला वाटलं बाबाच आले. म्हटलं, फाटक तरी मी उघडावं."

आई तिला कुशीत घेऊन आत गेली. मिस्त्री दमला होता, पण कारागिराचा जीव. एवढा घाट झाला, सांधा बघावा, म्हणून तो वाकला.

वर्तुळ नव्हतं. ग्रीसचा थेंबही नव्हता. दांडा गार होता.

आणि पावडर फुंकरीनेही उडाली असती अशी, सकाळी त्याने भुरभुरवली होती तशीच, दांड्यावर सगळीकडून शुभ्र बसलेली होती, दांडा एकदाही फिरला नसावा तशी.

असो. गाडी कुणी आणली हे मी कुणाला विचारणार नाही, तुम्हीही विचारू नका. फक्त आपल्या माणसाकडे उशिरा का होईना निघालात, तर वाटेत त्या बापाची आठवण काढा.