कारभारी पेंटरचा ळ

बसा. लाइट तासाभरात येईल, तोवर हा कंदील बरा आहे. मस्तगडातल्या जुन्या पाट्यांचे फोटो काढायला पुण्याहून आलात म्हणता. हल्ली असे हौशी बरेच येतात. चौथीत शाळा सोडलेल्या पेंटरांची वेडीवाकडी अक्षरं बघून त्यांना गहिवरून येतं. मला कधी आलं नाही. २००३ साली मी त्याच गल्ल्या हिंडलो, ते धंद्यासाठी.

जालन्यात फ्लेक्सचं मशीन नुकतंच आलं होतं, माझ्याच दुकानात, आणि पेंटर लोक शिड्या विकायला लागले होते. मला त्यांची कीव आली नाही. पण कारभारी पेंटरचं अक्षर वेगळं होतं. भरीव आणि डौलदार, दुपारच्या उन्हात पाटीवरून उठून आल्यासारखं. तो मरून दोन वर्षं झाली होती. त्याच्या अक्षरांचा कॉम्प्युटर फॉन्ट करायचा आणि तो माझ्या नावानं विकायचा, असा माझा बेत होता.

तीन दुपारी मी पाट्यांचे फोटो काढले. सगळी अक्षरं मिळाली, ळ मात्र एकाही पाटीवर नव्हता. गिरणीवर ‘दलण’, अडतीवर ‘गूल’, शिंप्याच्या दुकानावर ‘काले टेलर्स’. मी भर रस्त्यात हसलो. शिंपी सर्जेराव काळे याला म्हणालो, तुझं स्वतःचं आडनाव चुकलंय, तुला लाज कशी वाटत नाही? मशीनवरून मान वर न करता तो म्हणाला, कारभारीच्या बायकोला विचारा.

दुर्गाबाईचं घर गल्लीच्या टोकाला होतं. दोन खोल्या, अंगणात फरशीनं झाकलेला आड. घरात अजून टर्पेंटाइनचा वास होता, आणि त्याच्याखाली शेवाळलेल्या पाण्याचा. बाई उंबऱ्यात बसूनच बोलली. त्यांना तुळजा नावाची एकच मुलगी होती, सहा वर्षांची. बाप तिच्याकडून अक्षरं गिरवून घ्यायचा. ळ तिला जमत नव्हता. दोन पोटांतलं एक नेहमी मोठं व्हायचं. एका दुपारी बाप चिडला.

“म्हनले, ळ बराबर आल्याबिगर घरात येऊ नको...” बाई म्हणाली. “ती पाटी घेऊन आडाच्या काठावर बसली. मंग पाटी तेवढी वर राह्यली.”

त्यानंतर कारभारीनं ळ काढला नाही. काढला तर तिला वळण सापडंल, असं म्हणायचा.

“तुमी बी काढू नका, दादा.”

मी मान डोलावली. अडाणी माणसांशी वाद घालू नये, हे मला बापानं शिकवलं होतं. दुकानात आलो, कारभारीच्या दोन ‘व’ची पोटं एकमेकांना जोडली, शेपूट दिलं. दहा मिनिटांत ळ तयार. पहिला फ्लेक्स फुकट छापून सर्जेरावच्या दुकानावर लावलादेखील. ‘काळे टेलर्स’.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या फ्लेक्सखाली भिंतीवर खडूनं काढलेला एक ळ होता. वाकडा, एक पोट मोठं. पोराटोरांचे उद्योग, म्हणून मी पुसायला गेलो. खडू ओला होता. मे महिना, भिंत चटका देत होती, आणि खडू मात्र ओला... बोटांना शेवाळाचा वास आला.

तिसऱ्या दिवशी गिरणीच्या भिंतीवर तसाच ळ निघाला, मग अडतीवर. रोज एक, आणि रोज आदल्या दिवशीपेक्षा बरा. नवव्या दिवशीचा मी मोजून पाहिला. माझ्या ळशी तंतोतंत जुळत होता.

त्या दुपारी दुर्गाबाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. आत आली नाही.

“तुमीच काढला न्हवं?”

मी हो म्हणालो.

“तिला आला आता,” एवढं बोलून ती गेली.

तेव्हापासून तिचं दार रात्रंदिवस उघडं असायचं. ती दोन ताटं वाढते, असं सर्जेराव सांगत आला. त्यालाही मी हसलो. पावसाळा सरता सरता बाई गेली. जाफराबादकडचे पाहुणे आले, त्यांनी क्रियाकर्म उरकलं आणि घराला कुलूप लावून निघून गेले. ते कुलूप आजही तसंच आहे. उद्या फोटो काढायला जाल तेव्हा दिसेलच.

फॉन्ट मी विकला नाही. का, ते विचारू नका.

ही समोरची भिंत बघा. कंदील जरा वर धरा. दर दिवाळीला आम्ही तिला चुना देतो आणि दर दिवाळीनंतर तिथं एक ळ निघतो. आता बायको मला तो पुसू देत नाही, पोरीचं अक्षर आहे म्हणते. अक्षर सुरेख आहे, कबूल करतो. पहिल्या वर्षी तो माझ्या कमरेइतक्या उंचीवर होता. यंदा मी भिंतीला टेकून उभा राहिलो, तर छातीला लागला.