मायातंतूंचं वळण

केतकीचा नवरा तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या बाईच्या स्पर्शानं विरघळत होता, आणि ती दुसरी बाई त्याची सख्खी बहीण असल्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

रेवाताई सोफ्यावर बसून भावाच्या उजव्या हातावरून, कोपरापासून मनगटापर्यंत, आपला हात फिरवत होत्या. तोंडानं जावयाच्या तक्रारी चालू होत्या, हाताकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मकरंदचे डोळे मिटत आले होते. कपाळावरची आठी सैल झाली होती आणि ओठांच्या डाव्या कोपऱ्यात हसू आलं होतं. ते हसू केतकीच्या चांगल्या ओळखीचं होतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेवढी वर्षं ते तिच्याच मालकीचं आहे अशी तिची समजूत होती.

"ताई, चहा गार होतोय," ती म्हणाली.

"होऊ दे गं. बघ ना, कसा मांजरासारखा पसरलाय!"

"दिसतंय मला," केतकी म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन घडी घातलेल्या चादरी उलगडून त्यांच्या पुन्हा घड्या घालत बसली.

मकरंद लोणंदच्या रस्त्यावर स्कूटरवरून पडला, तेव्हा त्याच्या खांद्यातून हाताकडे जाणारी नसांची जुडी तुटली होती. पूर्वी असा हात जन्मभर नुसता लोंबकळत राहायचा. आता प्रयोगशाळेत वाढवलेले मज्जातंतू त्या जागी बसवत. फलटणच्या इस्पितळात त्यासाठी अख्खा एक वॉर्ड होता, आणि तिथे खाटेखाटेशी कुणी ना कुणी बसून रोग्याचा हात कुरवाळताना दिसे. डॉ. नसरीन मुजावर यांनी त्यामागचं कारण केतकीला समजावून सांगितलं होतं.

"कातडीत लाखो पहारेकरी बसलेत असं समजा. आम्ही त्यांना ग्राही म्हणतो. कुणाला दाब कळतो, कुणाला थरथर, कुणाला ऊन-गार. त्यांना कळलेलं मेंदूपर्यंत न्यायचं काम तंतूंचं, विजेच्या इवल्या इवल्या ठोक्यांनी. जाड तंतूंवर चरबीचं वेष्टण असतं, ते निरोप धावत नेतात. काय लागलं, कुठे, किती जोरात. पण काही तंतू बारीक असतात, उघडे. ते आपले रमतगमत, माणसाच्या चालीनं जातात."

"मग असले आळशी हवेत कशाला?" केतकीनं विचारलं होतं.

"माया कळायला," डॉक्टर हसून म्हणाल्या. "कोमट हातानं कुणी हळूच कुरवाळलं की ते बोलायला लागतात. घाईनं हात फिरवला की गप्प. त्यांचा निरोप जातो तो मेंदूत जिथे आपल्याला बरं-वाईट वाटतं तिथे. म्हणून आम्ही त्यांना मायातंतू म्हणतो. पण आम्ही वाढवलेले मायातंतू कोरे असतात. पहिले सहा आठवडे रोज तासभर एकाच माणसानं हात फिरवून त्यांना वळण लावायचं. त्या हाताचा वेग, ऊब, खरबरीतपणा त्यांच्यात मुरतो. आणि मग ते त्याच हाताचे होतात. जन्मजात तंतू सगळ्यांना ओळखतात, आमचे एकालाच. ही खोट अजून निघालेली नाही. तेव्हा घरचं माणूस बसवा."

केतकीच बसली होती आधी. पण वॉर्ड भरलेला, शेजारच्या खाटेवरची बाई टक लावून पाहतेय आणि समोर स्टुलावर सासरे. घरात "ए मकरंद" म्हणणारी केतकी अप्पांसमोर "अहो" म्हणायची. आता त्याच अप्पांसमोर नवऱ्याच्या दंडावरून, हातावरून हात फिरवायचा? अप्पा खाकरले आणि व्हरांड्यात निघून गेले. केतकीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं हात काढून घेतला.

"ताई, तुम्ही बसता का? मी घरचं बघते."

बहिणीनं भावाला कुरवाळलं तर कोण काय म्हणणार? रेवाताई आनंदानं बसल्या आणि सहाही आठवडे बसल्या. डॉक्टरांनी विचारलं, "घरचं माणूस बसतंय ना?" तेव्हा सगळ्यांनी हो म्हटलं. कुणी खोटं बोलत नव्हतं.

हात उत्तम चालू लागला. मकरंद कप उचलायचा, शर्टाची बटणं लावायचा. फक्त केतकीनं हात धरला की त्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे.

"माझा हात कळतो ना तुला?"

"कळतो की. ओला आहे. बांगडी टोचतेय."

"आणि?"

"आणि काय?"

तिनं बांगड्या काढून ठेवल्या. नणंद लावते तेच क्रीम आणलं. चोरून नणंदेच्या हाताची चाल पाहिली आणि रात्री तसाच हात फिरवून पाहिला. मकरंदनं प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, "आज भांडी तू घासलीस का?"

"अगं, डावा हात आहे ना," त्यानं समजूत घातली. "त्याला सगळं पूर्वीसारखं कळतं."

"डाव्या हातावर प्रसाद घेतोस का कधी?"

त्याला हसू आलं, तिला आलं नाही. पंचवीस वर्षं ती त्याच्या उजव्या बाजूला झोपत आली होती.

शेवटी ती एकटीच डॉक्टरांकडे गेली. "वळण पुसता येतं का?"

"येतं. एकदाच. हात पुन्हा बधिर होईल आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल. आणि रेवाताईंचा हात त्याला परका होईल, कायमचा." डॉ. मुजावरांनी फाइल मिटली. "केतकी, एक सांगू? मायातंतूला नातं कळत नाही. त्याला वेग कळतो, ऊब कळते. प्रेम तो करत नाही. यजमानांचं तुमच्यावर आहेच की."

"डॉक्टर, तुमच्या मिस्टरांचा चेहरा तुमच्या नणंदेपुढे असा फुललेला पाहिलाय तुम्ही?"

"मला नणंद नाही."

"मग राहू दे."

मकरंद म्हणाला, "तू ठरव." पाठ फिरवून झोपताना मात्र पुटपुटला, "ताईला काय सांगायचं?"

"काही नाही सांगायचं. त्यांना काय, तू भाऊ आहेसच."

दुसऱ्या खेपेला केतकी त्याच वॉर्डात, भर दुपारी, खाटेला खुर्ची भिडवून बसली. अप्पा खाकरले. तिनं हात फिरवणं चालू ठेवलं. अप्पा पुन्हा खाकरले. "अप्पा, कफ झालाय का? डॉक्टर इथेच आहेत," ती म्हणाली. त्यानंतर अप्पा घरूनच चौकशी करू लागले.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी मकरंदचे डोळे जड झाले आणि ओठांचा डावा कोपरा हलला. केतकी उठून बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली.

घरी आल्यावर रविवारी रेवाताई आल्या. बसल्या, जावयाचा विषय काढला आणि सवयीनं भावाचा हात मांडीवर घेतला.

मकरंदनं डोळे उघडे ठेवले. जरा वेळानं पाहुण्यांशी बोलावं तसं म्हणाला, "ताई, हात गार आहे तुझा."

"हो का?" त्यांनी तळवे एकमेकांवर चोळले आणि पुन्हा हात ठेवला, आधीपेक्षा हळू. जावयाची तक्रार मध्येच तुटली. त्यांनी आपला तळवा उलटा करून पाहिला. "माझ्या हाताला काही झालंय का रे?"

मकरंदनं केतकीकडे पाहिलं. रेवाताईंनी हात ओढून घेतला आणि आपल्या मांडीवर दुसऱ्या हाताखाली झाकून ठेवला.

हा क्षण केतकीनं मनात कितीदा रंगवला होता. त्यात ती स्वयंपाकघरात जाऊन स्वतःशी हसणार होती. प्रत्यक्षात तिला सुटल्यासारखं वाटलं, एवढंच. ती मकरंदच्या उजवीकडे बसली आणि न राहवून तिनं त्याच्या हातावरून हात फिरवला, नणंदेच्या देखत.

त्याचे डोळे मिटत आले. आठी सैल झाली. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात हसू आलं.

केतकी पाहत राहिली. रेवाताईंसाठी आलेलं हसू हेच होतं. तेवढंच, तिथेच, तितक्याच वेळानं आलेलं. एका केसाचाही फरक नव्हता. अपघाताआधी तो तिच्यासाठी हसायचा ते तिनं आठवून पाहिलं. ते काही वेगळं असेल, त्यात फक्त तिला कळेल असं काहीतरी जास्तीचं असेल, म्हणून तिनं डोळे मिटून शोधलं. तिला तेही हेच आठवलं.

तिनं हात उचलला. हसू गेलं. ठेवला. आलं. पुन्हा उचलला, आणि या वेळी तो परत ठेवायचा तिला धीर होईना.