चांदणीचा चीक

एकाच गोठ्यातल्या दोन गाई. चारा एक, पाणी एक. तरी कपिलेच्या दुधाचा चमचाभर घोट पोटात गेला, की नऊ वर्षांच्या चार्वीचे ओठ सुजायचे, श्वास अडकायचा. चांदणीचं दूध मात्र डॉक्टरांनी तपासून, 'हे चालेल,' म्हणून सांगितलं होतं.

"असं कसं, नानाआजोबा? दूध ते दूधच ना?"

नाना पशुशास्त्रज्ञ. चांदणी त्यांच्याच प्रयोगशाळेत घडलेली.

"नाही गं. दुधात बरीच प्रथिनं (शरीर घडवणारे पदार्थ) असतात. त्यातलं एकच तुला छळतं. ते बनवायची कृती गाईच्या पेशीत असते. तिला म्हणायचं जनुक."

"आईच्या पाककृतींच्या वहीसारखं?"

"अगदी. चांदणी एका पेशीएवढी होती, तेव्हाच आम्ही जनुककात्रीने (नेमक्या जागी कापणारा रेणू) ती एक कृती बंद केली. बाकी वही तशीच."

"मग वासराला काही कमी नाही पडत?"

"तीन वर्षं वासरांची वजनं करतोय. अजून तरी नाही."

चांदणी व्यायली. वासराचं पोट भरल्यावर उरलेला चीक नानांनी घरी आणला. चार्वीने खरवस कधी चाखलाच नव्हता. शेजारून वाटी आली, की आई ती वरच्या फळीवर ठेवायची. आज नानांनी स्वतः साखर, वेलदोडा घालून तो वाफवला.

चार्वीने चमचा उचलला आणि थांबली.

"चीक पिवळाजर्द होता. हा पांढरा कसा?"

"फार घट्ट होऊ नये म्हणून दूध घालतात ना त्यात. मीही फ्रिजमधलं..." नानांनी वळून फ्रिजकडे पाहिलं.

फ्रिजमधलं दूध कपिलेचं होतं.

आईने चमचा काढून घेतला. "नाना! चाळीस वर्षं संशोधन केलंत ना?"

"हाताची सवय गं," नाना पुटपुटले. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे कृती चांदणीत बंद झालीय," चार्वी सावकाश म्हणाली, "आपल्या पातेल्यात नाही."

अर्धा तांब्या चीक शिल्लक होता. आईने नवं भांडं काढलं, चिकात नारळाचं दूध घालून पुन्हा खरवस वाफवला. आता धोका नको म्हणून दुसऱ्या दिवशी डब्यासह सगळे दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी इंजेक्शन भरून हाताशी ठेवलं आणि चार्वीला नखाएवढा तुकडा दिला.

अर्धा तास आई तिच्या ओठांकडे बघत बसली. शेवटी ते हलले.

"आता मोठी वडी?"