वेंडलच्या ठेवणीतला चेंडू

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे घडलंय. आयोवातल्या हार्लन फोर्कच्या मैदानावर, ऑगस्टमधल्या भर दुपारी, अख्ख्या गावासमोर. ओटो क्लाइन त्या दिवशी बेसबॉलच्या सामन्यात कॅचर होता, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. आणि ओटो काही थापा मारणारा गडी नव्हे.

आदल्या उन्हाळ्यात ओटोच्याच संघात वेंडल प्रुइट नावाचा पिचर होता, चेंडू फेकणारा. पगारी बेसबॉलमधला त्याचा पहिलाच उन्हाळा.

शेवटचाही तोच.

पिचरनं समोरच्यांना एकही हिट दिली नसेल, म्हणजे कुणालाच चेंडू टोलवून पुढे पळू दिलं नसेल, तर बाकावर त्याच्याशी कुणी बोलत नाही. शेजारी बसतही नाही. नजर लागते म्हणतात! वेंडलचा तसाच खेळ रंगला होता. शेवटच्या डावाआधी तो कळवळला, "साहेब, खांद्यात काहीतरी तुटलंय. बाहेर काढा मला."

मॅनेजर अमोस हेगर्टीनं ऐकलं. आणि तंबाखू चघळत मैदानाकडे बघत राहिला.

विक्रम झाला. हात कायमचा गेला. हिवाळ्यात वेंडल नदीत सापडला... गोठलेला.

मेल्या हेगर्टीला त्याचं काय! पुढच्या वर्षी त्यानं पिचर म्हणून पोटच्या पोराला उभं केलं. लायलला.

त्या दुपारी लायलही एकही हिट देईना. बाकावर सगळे चिडीचूप. त्याच्या शेजारची जागा रिकामी.

आणि ओटोनं पाहिलं... तिथली फळी हळूच दबली. कुणी बसावं तशी.

पुढच्या डावात ओटोनं सरळ चेंडूची खूण केली. आला तो मात्र ऐनवेळी खाली गोता खाणारा...

असा चेंडू एकटा वेंडल टाकायचा.

ओटो धावत लायलकडे गेला. "कुणी शिकवला रे हा?"

"तोंडाला कुलूप लाव, ओटो!" बाकावरून कुणीतरी ओरडलं. "नजर लावशील!"

लायल पांढराफटक पडला होता. "मी नाही टाकत, ओटो. हात आपोआप फिरतोय. बाबांना सांग ना... खांदा उखडतोय माझा!"

हेगर्टीनं ते ऐकलं. ताडकन उठला. तोंड उघडलं...

आवाजच नाही.

गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळे बाहेर आले. पाय मात्र जागचे हलेनात. बाकावरची पोरं हसायला लागली. "बघा, म्हातारा मौन किती कडक पाळतोय!"

ओटोनं पंचाचा हात धरला. "थांबवा हो! पोराचा हात जाईल!"

"मॅनेजरला सांगू दे," पंच म्हणाला. "पिचर काढणारा तू कोण?"

मग लायलच्या खांद्यातून आवाज आला. कट्...

शेवटचा गडी बाद झाला. मैदान दणाणलं. लायलचा हात खांद्यापासून लोंबत होता. आणि तेव्हा कुठे हेगर्टीचा आवाज फुटला. "काढा! काढा त्याला बाहेर!"

काय उपयोग?

डॉक्टर म्हणाले, हा हात आता चमचासुद्धा उचलणार नाही.

महिन्याभरानं ओटो त्यांच्या शेतावर भेटायला गेला. कोठारामागून धप्... धप्... आवाज येत होता.

लायल भिंतीवर चेंडू मारत होता. त्याच निकामी हातानं. बोटं रक्तानं भरलेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठांवर मात्र हसू होतं.

पायरीवर हेगर्टी हात जोडून बसला होता. "बस कर रे, वेंडल... माझा हात घे. त्याला सोड."

धप्...

ओटो हाक न मारताच मागे फिरला. धावायची त्याची हिंमत झाली नाही.